वाडग्यातला रस्सा आणि घरातली मिठाची पिशवी

मागच्या महिन्यात आम्ही चौघी मुंबईतल्या एका जपानी हॉटेलात रामेन खायला गेलो. तिघी नर्सिंग डिप्लोमाच्या एकाच बॅचच्या. चौथ्या आमच्या जुन्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर, त्यांना आम्ही ताई म्हणतो.

रामेन म्हणजे वाडगाभर गरम रस्सा, त्यात गव्हाच्या लांब शेवया, वर मांसाचे काप, उकडलेलं अंडं आणि कांद्याची पात. डुकराची हाडं तासन्‌तास उकळून काढलेला तो पांढरट रस्सा बघून एक जण म्हणाली, "अगं, हा तर आमच्या आजीचा हाडकांचा रस्सा!" चव छानच होती. ताईंनी दोन्ही हातांनी वाडगं उचललं आणि तळ दिसेपर्यंत रस्सा प्यायल्या. त्यांना नऊ वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. आम्ही टोकलं, तर म्हणाल्या, "एका दिवसानं काय होतंय? रोज घरात काय शिजतं ते बघा आधी."

ताईंचं खरं आहे. म्हणूनच हे लिहितोय.

हाडांच्या रश्श्यात मुळात मीठ फारसं नसतं. वाडग्याच्या तळाशी आधी मीठ, सोया सॉस किंवा आंबवलेल्या सोयाबीनचा दाट अर्क घालतात आणि त्यावर रस्सा ओततात. सगळा रस्सा प्यायला, तर एका वाडग्यातून पाच-सहा ग्रॅम मीठ सहज पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ खायला सांगते. म्हणून जपानमध्येही सल्ला देतात, की शेवया खा, रस्सा वाडग्यात सोडा.

याच रामेनचं झटपट पाकीट १९५८ मध्ये मोमोफुकु आन्दो यांनी जपानमध्ये बाजारात आणलं. शेवया तेलात तळून वाळवायच्या, गरम पाणी ओतलं की खायला तयार. आज वस्तीतल्या प्रत्येक टपरीवर नूडल्सची पाकिटं लटकलेली असतात. आई पहाटेच धुणीभांड्याला गेलेली, पोर शाळेतून भुकेलं आलेलं, मग पाकीट फोडायचं. मोठ्यांच्या ताटात पापड, लोणचं, सुकट, फरसाण. या आईला दोष देणाऱ्यांशी आमचं भांडण आहे. तिच्याकडे वेळ नाही, आणि स्वस्तात पोट भरणारं दुसरं काही हाताशी नाही.

दवाखान्यात तिला काय मिळतं? "मीठ कमी करा," एवढंच. नोकरीत असताना आम्हीही हेच तीन शब्द बोलून पुढच्या पेशंटला हाक मारली आहे. किती कमी, कशातलं कमी, हे सांगितलं नाही.

जपाननं हे दुखणं भोगलं आहे. १९५१ ते १९८० या काळात तिथे मृत्यूचं पहिलं कारण मेंदूचा झटका हे होतं. थंडीत भाज्या मिठात मुरवून खाणाऱ्या नागानो प्रांतात तर हे प्रमाण फार होतं. तिथल्या एका खेड्यात १९४५ मध्ये साध्या गृहिणी गावच्या आरोग्य-परिचारिकेच्या मदतीला उभ्या राहिल्या. पुढे प्रांतभर अशा बायका तयार झाल्या. घरोघरचं सूप आणि लोणचं किती खारट आहे हे मोजून दाखवू लागल्या. १९९० मध्ये पुरुषांच्या आयुर्मानात नागानो जपानात पहिला आला. त्याला इतरही कारणं आहेत, पण या बायकांच्या कामाचा वाटा मोठा आहे.

आपल्या वस्तीतही हे होऊ शकतं, असं आमचं ठाम मत आहे. आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक काम टाकून भागणार नाही. प्रत्येक गल्लीतल्या दोन बायकांना बीपी मोजायला शिकवा, महिला मंडळानं एक मशीन घ्यावं. आणि पाकिटाच्या पुढच्या बाजूला मिठाचं प्रमाण मोठ्या मराठी अक्षरात छापा, ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून करावी.

तोवर घरात एवढं करा. नूडल्सला मसाल्याची पुडी अर्धीच घाला, सोबत भाजी किंवा अंडं टाका, खारट पाणी पिऊ नका. ताटात वरून मीठ घेऊ नका. बीपीची गोळी मनानं बंद करू नका. किडनीचा त्रास असेल, तर 'कमी सोडियम'चं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

आणि मिठाची नवी पिशवी फोडाल, त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. पाच मोठ्या माणसांच्या घरात एक किलो मीठ निदान चाळीस दिवस पुरलं पाहिजे, चौघांच्या घरात पन्नास. पापड-फरसाणातलं मीठ यात धरलेलंच नाही.

पहिली तारीख आम्ही ताईंच्याच घरी लिहिली. माणसं चार. पिशवी सव्विसाव्या दिवशी संपली. ताई बराच वेळ रिकाम्या पिशवीकडे बघत राहिल्या. मग स्वतःच पेन घेऊन नव्या पिशवीवर तारीख घातली.