कुंडीलाही वाफसा लागतो

आज केळी-कापूस बाजूला ठेवून घरातल्या कुंडीवर लिहितोय. हसायचं त्यांनी हसून घ्या.

पेपेरोमिया नावाचं जाड, चकचकीत पानाचं बुटकं झाड आता आपल्याकडच्या नर्सऱ्यांतही दिसतं. वीतभर उंची, टेबलावर मावतं. हौसेने आणतात आणि दोन महिन्यांत देठ काळा पडून ते बसतं. मग बोल घरातल्या बाईला, "तुझ्या हाताला झाड लागत नाही." माझं स्पष्ट मत आहे, दोष हाताचा नाही, कुंडीत भरलेल्या मातीचा आहे.

हे झाड नागवेल, मिरी, पिंपळीच्या कुळातलं. मूळ अमेरिकेतल्या उष्ण जंगलातलं. तिथं याचे कितीतरी जातभाई झाडांच्या खोडावर, कुजलेल्या पाल्यात वाढतात. मुळं बारीक आणि वरवरची. पाण्याचा साठा पानात, म्हणून पान जाड. अशा झाडाला आपण शेतातली काळी माती भरून देतो. ती पाणी धरते, फुगते, हवा कोंडते. उघड्या रानात पावसाळ्यात वाफसा यायला चार-चार दिवस लागतात, मग घराच्या सावलीत चार इंची कुंडीत तो कधी येणार? पानमळा केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पाणी साचलं की वेलाला मर लागलीच.

आमची आई 79 वर्षांची. खुब्याचं हाड मोडल्यापासून शेत बंद. खिडकीतल्या दोन कुंड्या हेच तिचं शेत. रोज सकाळी तांब्या घेऊन हजर. सगळे सांगायचे, पाणी घालू नको. ती म्हणे, "झाडले पानी नही दिधं ते मी दिनभर करू काय?" मला तिचंच पटतं. जन्मभर राबलेल्या माणसाला कुंडीला हात लावू नको म्हणणं बरं नाही. माती बदला.

दोन भाग कोकोपीट (रोपवाटिकेतलं उरलेलं चालतं, धुऊन घ्या), एक भाग जाड वाळू, अर्धा भाग गांडूळ खत. भोक असलेली मातीची कुंडी, खालच्या ताटलीत पाणी साचू द्यायचं नाही. बोट दोन पेरं आत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी, आणि मग खालून निघेपर्यंत. आई आता रोज बोट घालून बघते, ओल्या फडक्याने पानं पुसते, कुंडी थोडी फिरवते. पाणी आठवड्यातून एकदा, मे महिन्यात दोनदा. तिचं काम कमी झालेलं नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. पान तहानेनेही मऊ पडतं आणि मूळ कुजल्यावरही. आधी बोट, मग पाणी. केळीचं पान पिवळं दिसलं की ड्रीपचा वेळ वाढवणारे आपल्यात आहेतच, त्यांनी रागावू नये.

युरिया चिमूटभरही नको. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणीही नको, त्यात क्षार जास्त असतात. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतून कुंडी काढून पूर्वेकडे ठेवा. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत तो 10 च्या खाली उतरतो. त्या दिवसांत रात्री कुंडी काचेपासून आत घ्या, आणि पाणी दोन आठवडे लांबलं तरी घाबरू नका.