पामेरियनचे मूळ गाव

मागच्या पंधरवड्यात हरभऱ्यावरची घाटेअळी पाहायला एका गावी गेलो होतो. शिवारफेरी आटोपून ओसरीवर चहाला टेकलो, तोच एक पांढरेशुभ्र, केसाळ कुत्रे अंगावर भुंकत आले. घरच्या वहिनी म्हणाल्या, "साहेब, आमच्या टिप्याचं सांगा. धाकट्यानं शहरातनं पामेरियन म्हणून आणला. विकणारा म्हणाला, मांजराएवढाच राहील. आता सात किलो भरतोय. फसवलं का हो आम्हाला?"

कुत्रा हा काही माझा विषय नव्हे, पण निवड हा आहे. म्हणून सांगतो.

युरोपात बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्याला पोमेरेनिया नावाचा मुलूख आहे. आज त्याचा मोठा भाग पोलंडमध्ये आणि उरलेला जर्मनीत येतो. त्यावरून पामेरियन हे नाव पडले. पण हे कुत्रे मुळात मांडीवर बसणारे नव्हते. उभ्या कानांच्या आणि टोकदार तोंडाच्या या कुत्र्यांना जर्मन लोक 'स्पिट्झ' म्हणतात. स्पिट्झ म्हणजे टोकदार. बर्फावर गाड्या ओढणारी उत्तरेकडची कुत्री त्यांच्याच भाऊबंदकीतली. जर्मन शेतकरी स्पिट्झ राखणीला ठेवी. मालाच्या गाडीवर, द्राक्षमळ्यात, खळ्यावर तो असायचाच. उकिरड्यावर उभा राहून भुंकणारा, असे त्याचे एक गमतीचे नावही तिकडे होते. म्हणजे टिप्याचे खापरपणजोबा तुमच्याआमच्यासारखेच शेतावरचे!

पुढे तो राजवाड्यात गेला. 1761 साली जर्मनीतली शार्लट इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाची राणी झाली. तिने अशी कुत्री इंग्लंडात आणली. जुन्या चित्रांत ती चांगली थोराड दिसतात. तिची नात व्हिक्टोरिया. तिने 1888 साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी मार्को नावाचा स्पिट्झ घेतला. तो होता जेमतेम साडेपाच किलोचा. राणीला लहान कुत्रे आवडते म्हटल्यावर सगळ्यांनाच लहान हवे झाले. 1891 साली तर राणीची कुत्री प्रदर्शनातही उतरली.

लहान कसे केले? यात जादू काही नाही. आपण ज्वारीचे टपोरे कणीस बियाण्याला राखतो, त्याच्या उलट. प्रत्येक वेतातले बारके पिल्लू राखायचे, त्याची जोडी तशाच बारक्याशी लावायची, आणि हे पिढ्यान् पिढ्या चालवायचे. आज अस्सल पामेरियन दीड ते सव्वातीन किलोचा असतो.

याची किंमत मात्र त्या मुक्या जनावराने मोजली. गुडघ्याची वाटी सरकते. दात दाटीने येऊन लवकर किडतात, पडतात. श्वासनळी चेपते आणि कुत्रे खोकत राहते. पिल्ले अडतात, पोट चिरून काढावी लागतात. एकाच गुणावर डोळा ठेवून निवड केली की दुसरीकडे काही तरी निसटते, हे संकरित वाणात आपण पाहतोच.

आपल्याकडे पामेरियन म्हणून मिळते ते बहुतेक भारतीय स्पिट्झ. साहेबाच्या काळात आलेल्या जर्मन स्पिट्झची ही इथली पैदास. अंगाने मोठी, काटक, आपले ऊन बऱ्यापैकी सोसणारी. 1994 च्या 'हम आपके हैं कौन' मधला टफी त्याच जातीचा. तेव्हा वहिनींना म्हणालो, "नावात फसवलं, पण जनावरात नाही. उलट बरंच झालं म्हणा."

धाकट्याने विचारले, "मग याला एखादी बारकी मादी बघू का? पिल्लं महाग जातील." मी म्हणालो, "बाळा, ती मादी व्यायला अडली तर रात्री कुणाच्या दारात जाशील?" पोरगा गप्प झाला.

"पिसाळण्याची लस टोचली का?" यावर मात्र सगळेच एकमेकांकडे पाहू लागले. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस आणि पुढे दर वर्षी, मग जात कोणतीही असो. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा टिप्याला सायकलच्या कॅरियरवरच्या पाटीत घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेला.