जमिनीत सोन्याची नाणी सापडली तर ती कुणाची? चिखलीच्या २१६ मोहरा आणि १८७८ चा कायदा

डिसेंबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी एका घरातून सोन्याची २१६ नाणी आणि एक कांस्याचा लोटा जप्त केला. ही नाणी चोरीची नव्हती आणि कुठल्या संग्रहालयातूनही ती गायब झालेली नव्हती. चिखलीत एका बांधकामाच्या जागेवर खोदकाम सुरू असताना मजुरी करणाऱ्या कुटुंबाला ती सापडली होती. त्यांनी ती कुणाला न सांगता घरी ठेवली आणि पोलिसांपर्यंत खबर पोहोचली.

त्यानंतर पाच वर्षांत फोनवरचं चित्र बदललं. अमेरिकेतल्या ओसाड पडलेल्या फार्महाऊसच्या आवारात, इंग्लंडच्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारी माणसं आता रोज रीलमध्ये दिसतात. यंत्र वाजतं, माती उकरली जाते, हातात जुनं नाणं येतं. खाली मराठीत कमेंट असते, ‘आपल्या गावच्या पडक्या वाड्यात पण असंल की!’

असेलही. पण ते सापडल्यावर पुढे काय होतं? ते ठेवता येतं का? सरकार सगळंच घेऊन जातं का? आणि चिखलीच्या त्या कुटुंबाने लपवण्याऐवजी कळवलं असतं तर त्यांना काय मिळालं असतं?

चिखलीत नेमकं काय सापडलं?

पोलिसांनी तेव्हा दिलेल्या माहितीनुसार नाण्यांचं वजन २,३५७ ग्रॅम होतं. म्हणजे एक नाणं साधारण ११ ग्रॅमचं. मुघल मोहरेचं वजनही एवढंच असतं. नाणी १७२० ते १७५० या काळातली असून पुरातत्त्व विभागाने एकेका नाण्याची किंमत ६० ते ७० हजार रुपये सांगितली. या हिशेबाने सगळी मिळून सव्वा ते दीड कोटी रुपयांची.

ही नाणी मुघल बादशहा मुहम्मद शाहच्या काळातली. त्याची कारकीर्द १७१९ ते १७४८. म्हणजे पुण्यात बाजीराव आणि नंतर नानासाहेब पेशव्यांचा अंमल होता तेव्हाची.

पेशव्यांच्या मुलखात मुघल नाणी कशी, असा प्रश्न पडू शकतो. त्या काळात देशभर मुघल नाणी चालत होती आणि मराठ्यांच्या टांकसाळींतही बादशहाच्या नावाची नाणी पाडली जात. पेशवेकाळात खुद्द चिंचवडला टांकसाळ होती. त्यामुळे चिखलीसारख्या गावात कुणा सधन माणसाकडे मोहरा असणं नवलाचं नाही.

पण लोक सोनं पुरून का ठेवायचे?

कारण बँक नव्हती आणि लुटीची भीती होती. चाकण हे उत्तर-दक्षिण वाटेवरचं ठाणं. १६६० मध्ये शायिस्तेखानाने चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा फिरंगोजी नरसाळा यांनी जवळपास दोन महिने तो लढवला. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणं लुटलं आणि जाळलं. अशा वेळी घरातलं किडूकमिडूक हंड्यात घालून भिंतीत किंवा चुलीखाली पुरणं ही शहाणपणाची गोष्ट होती. पुरणारा परत आला नाही की हंडा तिथेच राहायचा.

मराठी गावाला या जागा ओळखण्याचा शब्दही आहे. शेताची ती ‘काळी’ आणि वस्तीची ती ‘पांढरी’. मातीच्या भिंती शतकानुशतकं ढासळून त्यात राख, शेण मिसळत गेलं की वस्तीची जमीन पांढरट होते. जुनं गाव उठून गेलं तरी पांढरीचं टेकाड मागे उरतं. पुरातत्त्व अभ्यासकही नदीकाठची प्राचीन गावं याच खुणेवरून शोधत आले आहेत.

आज पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव या पट्ट्यात जेवढी माती उकरली जाते, तेवढी क्वचितच कुठे उकरली जात असेल. गावठाणातला वाडा पडतो आणि तिथे सात मजली इमारत उभी राहते. शेतात कारखान्याचा पाया खणला जातो. जेसीबीच्या बकेटमध्ये काय आलं हे पहिल्यांदा दिसतं ते ऑपरेटरला आणि पाटी उचलणाऱ्या मजुराला.

मग डिटेक्टर घेऊन फिरलं तर?

डिटेक्टरच्या तळाशी असलेल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जमिनीतल्या धातूत त्यामुळे क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो आणि यंत्र तो टिपतं. साध्या यंत्राला एकटं नाणं जेमतेम वीतभर खोलीपर्यंत कळतं. ‘वीस फुटांवरचं सोनं दाखवतो’ अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नये, याचं कारण हेच.

आपल्याकडे आणखी दोन अडचणी आहेत. दख्खनची माती बेसाल्ट खडकापासून बनलेली, तिच्यातच लोहखनिजं भरपूर. त्यामुळे धातू नसतानाही यंत्र कुरकुरत राहतं. दुसरी अडचण खास या पट्ट्याची. चिखली-कुदळवाडीत वर्षानुवर्षं भंगाराची गोदामं होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथे मोठी पाडापाडी केली. अशा जमिनीत नट-बोल्ट, खिळे, पत्र्याचे तुकडे आणि लेथचा कीस इतका मिसळलेला असतो की डिटेक्टर पावलापावलावर वाजेल.

तरीही लोक खणतात. ‘छावा’ चित्रपट प्रदर्शित झाल्यावर मार्च २०२५ मध्ये जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरमध्ये काय झालं ते आठवा. असीरगडाजवळच्या शेतांत सोन्याची नाणी असल्याची अफवा पसरली आणि लोक रात्री टॉर्च, चाळण्या, डिटेक्टर घेऊन शेतं उकरू लागले. ज्याची शेती होती त्याला कुणी विचारलंही नाही.

कायदा काय सांगतो?

या बाबतीतला मुख्य कायदा आहे भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. ‘निखात निधी’ म्हणजे जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत लपवलेली कोणतीही मौल्यवान चीज. बोलीभाषेत गुप्तधन. कायदा जवळपास दीडशे वर्षांचा आहे आणि आजही लागू आहे.

सापडलेल्या ऐवजाची किंमत १० रुपयांपेक्षा जास्त असेल तर सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, कुठे सापडलं, कोणत्या तारखेला सापडलं, हे त्यात लिहायचं. ऐवज सरकारी कोषागारात जमा करायचा किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. मग जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि चार ते सहा महिन्यांच्या आतली तारीख देऊन दावेदारांना बोलावतात. गेल्या १०० वर्षांत आपण किंवा आपल्या पूर्वजाने ते पुरलं, असा दावा कुणी केला तर त्याला दिवाणी न्यायालयात जाण्याची मुदत मिळते. तसा दावेदार नसेल तर धन बेवारस ठरतं.

बहुतेकांना माहीत नसलेला भाग यापुढचा आहे. बेवारस ठरलेलं धन आपोआप सरकारचं होत नाही. जागेचा मालक दावा करायला आला नाही, तर ते सापडणाऱ्याला मिळतं. मालक आला आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि मालकाला एक चतुर्थांश. मालकीवरूनच वाद झाला तर प्रकरण न्यायालयात जातं. ऐतिहासिक महत्त्वामुळे सरकारला वस्तू हवी असेल, तर ती घेता येते, पण तिच्यातल्या धातूची किंमत आणि त्यावर आणखी एक पंचमांश रक्कम मोजून.

आणि कळवलं नाही तर? सापडणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो. शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. लपवायला साथ देणाऱ्या जागामालकालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

चिखलीचा हिशेब मांडला तर?

डिसेंबर २०२० मध्ये सोन्याचा भाव १० ग्रॅमला साधारण ५० हजार रुपये होता. २,३५७ ग्रॅमचे झाले सुमारे १ कोटी १८ लाख. सरकारने एक पंचमांश वाढवून ती घेतली असती तर सुमारे १ कोटी ४१ लाख. त्याचे तीन चतुर्थांश म्हणजे १ कोटीच्या वर.

हा ढोबळ हिशेब आहे. जागेचा मालक, बिल्डर, ठेकेदार यांचे दावे आले असते, वेळ लागला असता. पण कायद्याच्या कागदावर रोजंदारीवरच्या कुटुंबाचा हक्क सर्वांत मोठा होता, एक अर्ज लिहिला असता तर. तो न लिहिल्यामुळे हक्क गमावण्याची वेळ आली आणि दारात पोलीस आले.

दोष फक्त मजुराला देता येईल का? बांधकामाच्या जागेवर हेल्मेट घालायची सूचना लावलेली असते, खोदकामात जुनी वस्तू सापडली तर काय करायचं याची सूचना कुणी लावत नाही. सरकारदरबारी गेलो तर हाती काही राहणार नाही, उलट चोर ठरू, ही भीती मजुराला असते. कायदा त्याच्या बाजूचा आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आणखी कोणते कायदे लागू होतात?

१०० वर्षांहून जुनं नाणं किंवा मूर्ती ही १९७२ च्या कायद्यानुसार ‘पुरावस्तू’ ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. कार्ला, भाजे, लोहगड, शिवनेरी अशा केंद्र संरक्षित ठिकाणी १९५८ च्या कायद्यानुसार परवान्याविना खणता येत नाही. तिथे नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

गुप्तधनासाठी मांत्रिक बोलावून अघोरी पूजा करणं हा तर राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

नाणं उचललं तर इतिहासाचं काय बिघडतं?

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आणलं. तिथल्या घरांच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली सापडली. आत लहान मुलांचे सांगाडे होते. गेलेलं मूल घरातच पुरण्याची त्या लोकांची रीत होती, हे त्यामुळे कळलं. धनाचा हंडा समजून कुणी ती मडकी फोडली असती, तर हाती सोनं आलं नसतंच आणि ही गोष्टही कायमची पुसली गेली असती.

उलटं उदाहरण दायमाबादचं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावी १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला खणताना बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार कांस्यशिल्पं सापडली. वजन ६० किलोहून जास्त. ती वाचली हे आपलं भाग्य. पण उत्खननात, मातीच्या ठरावीक थरात न सापडल्यामुळे ती नेमकी किती जुनी, यावर अभ्यासकांत वाद झाले.

चिखलीच्या मोहरांचंही तेच. बादशहाचं नाव नाण्यावर वाचता येतं. पण त्या पुरलेल्या घराचा पाया कसा होता, सोबत आणखी काय होतं, ते घर जळालं होतं की नुसतं ओस पडलं होतं, हे सांगणारी माती ट्रकमधून कुठेतरी भराव म्हणून गेली.

मग रीलमधले लोक कसे काय खणतात?

तिथेही मोकाट सूट नाही. अमेरिकेत खासगी जमिनीवर मालकाची परवानगी लागते आणि केंद्र सरकारच्या जमिनीवरून १०० वर्षांहून जुन्या वस्तू परवान्याशिवाय उचलणं १९७९ पासून गुन्हा आहे. इंग्लंडमध्येही मालकाची परवानगी लागते आणि खजिना सापडल्यास १४ दिवसांत कळवावं लागतं. पण तिथे मोबदला बाजारभावाने मिळतो, नुसत्या धातूच्या भावाने नाही. २००९ मध्ये सापडलेल्या स्टॅफर्डशायरच्या खजिन्याचे ३२ लाख ८५ हजार पौंड शोधणारा आणि शेतमालक यांच्यात निम्मे निम्मे वाटले गेले. शिवाय छोट्या वस्तूंचीही नोंद करणारी यंत्रणा १९९७ पासून आहे आणि तिच्याकडे १५ लाखांहून अधिक नोंदी झाल्या आहेत.

दोन्हीकडच्या कायद्यांचा गाभा सारखाच आहे, कळवा आणि हिस्सा घ्या. तिथे लोकांना ते माहीत आहे आणि कळवायचं कुठे हेही माहीत आहे.

तुमच्या समोर काही सापडलं तर काय कराल?

काम थांबवा आणि वस्तू आहे तिथेच राहू द्या. घासू-धुऊ नका. जागेचे आणि वस्तूचे फोटो काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा. तहसीलदार किंवा पोलिसांना सांगा, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्यायला विसरू नका आणि त्याची पोच घ्या. हिस्सा मागताना हाच कागद कामी येतो. सोनाराकडे वितळवायला नेऊ नका, इन्स्टाग्रामवर टाकू नका.

आणि ‘खोदकामात सोनं सापडलंय, स्वस्तात देतो’ असा कुणाचा फोन आला तर तिथे खजिना नसतो. एक खरं नाणं दाखवून पितळ गळ्यात मारण्याचा तो जुना धंदा आहे.

चाकणच्या पट्ट्यात उद्याही जेसीबी चालणार आहेत. त्यातल्या एखाद्याखाली पुन्हा हंडा येईल. त्या वेळी जवळ उभ्या असलेल्या मजुराला ‘तीन चतुर्थांश’ हे दोन शब्द माहीत असले, तर त्याचंही भलं होईल आणि इतिहासाचंही.