धोका आम्हाला शिकवू नका

परवा एका सभागृहात जाऊन बसलो. वर पंखे, खाली पांढरपेशे. विषय : साथीचे रोग आणि जनतेचं प्रबोधन. एक विद्वान म्हणाले, वस्तीतल्या माणसाला धोका कळत नाही, त्याला तो सोपा करून सांगायला हवा. टाळ्या पडल्या. मी मॅट्रिक, गोदीतल्या टोळीवर ओझी उचलणारा. पण आकडा मला दोन्ही कळतो, पोत्यात घालायचा नि कागदावरचा.

तर कागदावरचा घ्या. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत महापालिकेनं रक्त तपासलं. झोपडपट्टीत शंभरात ५७ जणांना करोना होऊन गेल्याची खूण सापडली, बिल्डिंगीत शंभरात १६. कारण काय दिलं? दाटी आणि सार्वजनिक संडास. मग यात आमची समजूत कुठं कमी पडली? दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं, सहा फूट काय छपरावर मोजायचे? संडासाच्या रांगेत पुढचा खोकला की आई तोंडावर पदर दाबायची, पण रांग सोडायची नाही. तिला धोका कळत होता. एक नव्हे, दोन कळत होते. गोदी तर बंदच नव्हती. जहाजं येत होती, शहराला माल पाहिजे होता. मुकादमाचा निरोप आला की आम्ही निघायचो. रोग परवा मारणार, भूक उद्याच.

नि शब्द काय काढला? सामाजिक अंतर! च्यायला, ते आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भोगलंय. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' म्हणू लागली. इथं कुणाला ऐकू गेलं नाही.

अडाणीपणाचा हा शिक्का जुना आहे. सप्टेंबर १८९६. गोदीला लागून असलेल्या मांडवीत, धान्याच्या वखारींच्या शेजारी, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. उंदीर मरून पडत होते. सरकारनं गटारं धुतली, कार्बोलिक ओतलं, माणसं ओढून इस्पितळात नेली. जवळजवळ निम्मं शहर पळालं. साहेब म्हणाला, अडाणी, घाबरट. पुढं १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं सांगितलं की प्लेग उंदरांच्या पिसवांतून येतो. म्हणजे उंदीर पडलेलं घर सोडणारा शहाणा निघाला, गटार धुणारा साहेब नव्हे! पळणाऱ्यांबरोबर रोगही गावोगाव गेला, तेही खरंच. लपवायचं कशाला?

आणि त्याच प्लेगात, पुण्याकडे, सावित्रीबाई. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर टाकून त्यांनी यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं. १० मार्च १८९७ ला त्या प्लेगानंच गेल्या. त्यांनाही धोका कळत नव्हता म्हणायचं काय?

जुलै २०२० मध्ये धारावीचं जगभर कौतुक झालं. चिवट वस्ती, झुंजार वस्ती! करा कौतुक, आमची ना नाही. आमच्या गल्लीतही पोरांनीच वर्गणी काढून चूल पेटवली, पोरांनीच म्हाताऱ्यांना इस्पितळात पोचवलं. पण कौतुकानं संडास वाढले नाहीत. तेव्हा सहा होते, आजही सहाच. दोघांना आतून कडी नाही.

सभागृहात हेच विचारायला उठलो होतो. सूत्रसंचालक म्हणाले, वेळ संपली, चहा घेऊ या.