कळा ‘आणतात’ तेव्हा...

‘‘उद्या सकाळी आठला अ‍ॅडमिट व्हा, कळा आणू,’’ डॉक्टर म्हणाल्या. जणू मंडईतून भाजीच आणायची होती! 41 आठवडे भरले होते आणि बाळाला बाहेर यायची काही घाई नव्हती. मी अकोल्याला माहेरी, नवरा अमरावतीला नोकरीवर. वर मे महिना, म्हणजे अकोल्याचं ऊन. आई म्हणाली, ‘‘काई नाई होत वं माय, आमी नाई का झालो बाळंत?’’

झाली होती ना. पण तिच्या कळा आपल्या आपण आलेल्या. रात्री बारीक, पहाटे जोराच्या. तेवढ्या वेळात मन आणि कंबर दोन्ही सरावतात. माझं तसं झालं नाही. सकाळी जेल लावलं, संध्याकाळपर्यंत नुसतं पोट कडक. मग ऑक्सिटोसिनचं सलाईन. हे हार्मोन 1953 मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं, त्यासाठी दु विन्यो या शास्त्रज्ञाला 1955 चं नोबेलही मिळालं. ग्रेट! पण मेंदूतून ते हप्त्याहप्त्याने येतं आणि सलाईनमधून सतत. दर अर्ध्या तासाने सिस्टर येऊन डोस वाढवणार. दोन तासांत मी शून्यावरून थेट शंभरावर.

ब्रीदिंगचा क्लास केला होता. पहिल्या मोठ्या कळेसरशी सगळं विसरले. ओरडले, चक्क शिव्या दिल्या. ‘‘थोडं सहन करा मॅडम,’’ असं उत्तर आलं. नवऱ्याला आत प्रवेश नव्हता, पण हट्ट धरल्यावर आईला सोडलं. तिने एकच केलं. मला पलंगाच्या कडेला बसवलं, कळ आली की तळव्याने कंबर दाबून धरायची आणि श्वास मोठ्याने सोडायला लावायची. ‘किती तास उरले’ हा हिशेब मी सोडून दिला. कळ साधारण मिनिटभराची असते, तेवढंच मिनिट मोजायचं.

मध्यरात्री मात्र कळांमध्ये उसंतच उरली नाही. मला वाटलं, असंच असतं. आई म्हणाली, ‘‘नाई, असं नसते.’’ तिने सिस्टरना बोलावलं. त्यांनी घड्याळ लावून मोजलं, दहा मिनिटांत सहा कळा! पाचाच्या वर गेल्या की जास्तच. कारण दोन कळांमधल्या उसंतीतच बाळालाही पुरेसा ऑक्सिजन मिळतो. सलाईन लगेच बंद केलं आणि काही मिनिटांतच जोर ओसरायला लागला. हे बंद करता येतं, कमी करता येतं, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगतेय. उसंत मिळत नसेल तर सरळ बोला. तो नाजूकपणा नव्हे.

पाठीतल्या इंजेक्शनचंही तसंच. मी मागितलं तेव्हा कळलं, रात्री भूलतज्ज्ञ नसतात. ही चौकशी आठव्या महिन्यातच करायला हवी होती. (आपण मोबाइल घेताना जास्त प्रश्न विचारतो!) जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींत निरोगी बाईने मागितलं तर एपिड्युरल द्यावं असं म्हटलंय, आणि तिच्या पसंतीचं माणूस सोबत असावं असंही. अमरावतीचं डफरीन असो की अकोल्याचं लेडी हार्डिंग, सरकारी दवाखान्यांत बाईमाणूस सोबत ठेवायला केंद्राने 2016 मध्येच परवानगी दिलीय. विचारा, आणि आत कोण येणार ते आधीच ठरवा. ‘सहन कर’ म्हणणारं नको, घड्याळ बघणारं हवं.

सलाईन कमी डोसवर पुन्हा सुरू झालं. पहाटे मुलगी झाली. नवरा तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर घोरत होता. दुसऱ्या दिवशी आईला हाताची मूठ वळेना. डिंकाचे लाडू माझ्यासाठी केले होते, पहिला तिला दिला.