गाळपेरीची शेतं



यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ‘विस्थापन’ ठरल्याचं कळताच एका जुन्या वर्गणीदारांनी फोन केला, “ऐन सणात हे कशाला?” त्यांना एलिझाबेथ कोल्सन यांच्याविषयी सांगितलं, तेच इथे लिहितो.

कोल्सन अमेरिकी मानवशास्त्रज्ञ. जपानी वंशाच्या नागरिकांना महायुद्धात जिथे डांबलं, त्या ॲरिझोनातल्या पोस्टन छावणीत त्यांनी उमेदवारी केली. १९४६ मध्ये त्या आजच्या झांबियात गेल्या. तिथल्या झांबेझी नदीवर पुढे करिबा धरण होणार होतं. गावं उठण्याआधीच, १९५६ मध्ये, सहकारी थेयर स्कडर यांच्यासोबत त्यांनी ग्वेम्बे खोऱ्यातल्या टोंगा लोकांची घरं, शेतं, नातीगोती नोंदवायला घेतली.

पुढे सुमारे ५७,००० माणसं हलवली गेली. चिपेपो भागातल्या लोकांनी नकार दिला. १९५८ मध्ये त्यांच्यावर झालेल्या गोळीबारात आठ जण मेले. बातमी तिथे संपली. कोल्सन मात्र मोजत राहिल्या. नदीकाठची गाळपेरीची शेतं बुडाली. त्यातली कितीतरी बायकांना वारशाने आलेली. नव्या जागी रान पुरुषांनी तोडलं, म्हणून शेतही त्यांचंच झालं. पावसासाठी जिथे साकडं घालायचं, ती ठाणी पाण्याखाली गेली. नुकसानभरपाईच्या तक्त्यात या गोष्टींना रकाना नव्हता.

त्या पुन्हा पुन्हा तिथे जात राहिल्या, शेवटी तिथल्याच झाल्या. २०१६ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी, झांबियातल्या मोन्झे इथे त्या वारल्या.

करिबाची वीज तांब्याच्या खाणींना मिळाली. उठवलेली कित्येक गावं वर्षानुवर्षं कंदिलावरच राहिली. आपल्याला हे परकं वाटू नये. कोयनेच्या धरणग्रस्तांची पाहणी इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली होती. १९६९ मध्ये तिचा अहवाल निघाला. सणात हे कशाला, याचं उत्तर आपल्या आकाशकंदिलाच्या वायरीतच आहे.

कोल्सन परत परत जात राहिल्या, म्हणून यंदा लेखकांना एकच अट घातली: ज्या वस्तीवर पूर्वी लिहिलंत, तिथे परत जाऊन या. काहींना जुनी माणसं ओळख देऊन भेटली. काहींना दारावरची कुलपं दिसली. एक जण म्हणाले, पहिल्या खेपेला आपण विचारायचंच विसरलो होतो. त्यांचा लेख आधी वाचा.



– संपादक