सेल्टाची तयारी वहीत होत नाही



आमच्या धर्मग्रामातल्या दोन-तीन पदवीधर मुली सध्या 'सेल्टा'ची तयारी करत आहेत. इंग्रजी ज्यांना परकी आहे अशा प्रौढांना ती कशी शिकवावी, याचं हे केंब्रिजचं प्रमाणपत्र. परदेशात शिकवायला जायचं तर उपयोगी पडतं. मुली वह्या घेऊन माझ्याकडे येतात. काळ, कर्मणी प्रयोग, शब्दयोगी अव्ययं, सगळं तोंडपाठ! मेहनत पाहून बरं वाटतं, पण तयारीची ही तऱ्हा मला पटत नाही. त्यांच्या आई-वडिलांनाही कळावं म्हणून लिहिते.

सेल्टाला शेवटी लेखी पेपरच नसतो. किमान १२० तासांचा अभ्यासक्रम, त्यातले ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांपुढे उभं राहून शिकवायचं, ६ तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग पाहायचे, शिवाय ४ लेखी स्वाध्याय. केंब्रिजचीच 'टीकेटी' नावाची दुसरी परीक्षा आहे, तिच्या मुख्य भागांत प्रत्येकी ८० मिनिटांत ८० प्रश्न, नुसती उत्तरं निवडायची. तिला वही चालेल. घरबसल्या १२० तासांचं प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिरातीही पुष्कळ दिसतात. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा, की मी शिकवणार कोणाला आणि ते बघणार कोण?

एक उदाहरण देते. 'आय लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स' आणि 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स' यांत फरक काय? मुलींनी लगेच काळांची नावं सांगितली. पण समोरच्या रिक्षावाल्याला त्या नावांचं काय करायचंय? त्याला विचारावं, "हा माणूस अजून इथंच राहतो का?" पहिल्या वाक्यात बहुधा नाही, दुसऱ्यात हो. मराठीत आपण 'दहा वर्षं राहिलो' आणि 'दहा वर्षं राहतोय' म्हणतो, तेच. असा छोटा, नेमका प्रश्न सुचणं हीच खरी तयारी. आपल्या शाळांतून आम्ही "समजलं का?" विचारायचो आणि वर्ग एका सुरात "हो मिस" म्हणायचा. सेल्टाच्या वर्गात त्या "हो"ला काही किंमत नाही. तिथं शिक्षकानं कमी बोलायचं आणि विद्यार्थ्याकडून काढून घ्यायचं. आपल्याकडच्या हुशार मुलांना हेच सगळ्यात जड जातं.

आणि "आपलं इंग्रजी गोऱ्यांसारखं नाही" ही भीती मुलींच्या मनातून काढा. 'आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स' हे वाक्य कुठून येतं, 'द' कुठं लावायचा हे आपल्या माणसाला का सुचत नाही, हे स्वतः ही भाषा शिकलेल्यालाच आतून कळतं. भेदभाव नाही असं मी म्हणत नाही. दक्षिण कोरिया इंग्रजी शिक्षकांचा व्हिसा मुख्यतः ७ इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांना देतो. २०१० पासूनच्या भारत-कोरिया करारामुळे आपल्यालाही वाट आहे, पण शाळेतल्या सहायक शिक्षकापुरती, तीही पदवीबरोबर इंग्रजी शिकवण्याची पात्रता असेल तर. तेव्हा सेल्टाच्या नादात बी.एड. सोडू नका.

माझी मागणी साधी आहे. आपला पॅरिश हॉल संध्याकाळी बहुतेक वेळा बंदच असतो. फादर आणि पॅरिश कौन्सिलनं तो आठवड्यातून दोन संध्याकाळी या मुलींना द्यावा. इंग्रजी शिकू पाहणारी माणसं बेळगावात काय कमी आहेत? दुकानात काम करणाऱ्या बायका, हॉटेलातली पोरं, रिक्षावाले, मुलांचा अभ्यास घ्यायला धडपडणाऱ्या आया. कोणत्याही धर्माचे असोत, घरी मराठी बोलोत, कोंकणी बोलोत की कन्नड. फी घेऊ नये.

कुणी म्हणेल, शिकाऊ मुलींनी गरिबांवर प्रयोग का करावेत? अहो, सेल्टाच्या केंद्रातही शिकाऊ शिक्षकच शिकवतात, मागं जाणता माणूस बसलेला असतो एवढंच. आपल्याकडं निवृत्त शिक्षक थोडे का आहेत? मी स्वतः मागच्या बाकावर वही घेऊन बसायला तयार आहे. कोण किती बोललं, कोणाला एकदाही संधी मिळाली नाही, "समजलं का?" किती वेळा आलं, सगळं लिहून ठेवीन. सुरुवातीला आठ-दहा विद्यार्थी पुरेत. येत्या रविवारी मिस्सानंतर हॉलच्या दारात नावं घ्यायला बसते.

– एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव